‘द ड्रॉपआउट’, ‘वीक्रॅश्ड’ आणि ‘सुपर पम्प्ड’ यांपैकी कोणती मालिका आधी पाहावी? आणि एलिझाबेथ होम्सला आणखी दोन-तीन वर्षं मिळाली असती तर तिचं यंत्र चाललं असतं का?

आधी ‘द ड्रॉपआउट’ पाहा. आठच भाग आहेत. अमांडा सायफ्रेडने एलिझाबेथ होम्स अशी उभी केलीय की त्या भूमिकेला एमी मिळालं ते योग्यच झालं. तिचा कंपनीतला साथीदार सनी बलवानी, म्हणजे नवीन अँड्र्यूज, तोही तितकाच जमून आलाय. बाकीच्या दोन नंतर पाहिल्या तरी काही बिघडत नाही, त्यांच्याबद्दल शेवटी लिहितो.

मला झोंबला तो तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. वर्णनात तुम्ही लिहिलंय, ‘सगळेच फाउंडर सुरुवातीला थोडं फुगवून सांगतात, तिला वेळ कमी पडला एवढंच.’ स्टार्टअपच्या जगातल्या लोकांशी माझा याच वाक्यावरून वाद होत आलाय. बोटातल्या थेंबभर रक्तावर शेकडो चाचण्या करण्याचा दावा करणारी तिची कंपनी, थेरानोस, सुरू झाली २००३ मध्ये. वॉलग्रीन्स या अमेरिकन औषध दुकानांच्या साखळीत पेशंटचं रक्त घ्यायला सुरुवात झाली सप्टेंबर २०१३ मध्ये. म्हणजे पहिल्या पेशंटच्या आधी दहा वर्षं मिळाली होती, आणि गुंतवणूकदारांकडून एकूण ७० कोटी डॉलरहून अधिक पैसा आला. वेळही होता, पैसाही होता.

हा गैरसमज पसरायला मालिकेचाही थोडा हातभार आहे. सुरुवातीच्या भागांत नोव्हार्टिस या औषध कंपनीला डेमो दाखवायला टीम स्वित्झर्लंडला जाते आणि यंत्र ऐन वेळी दगा देतं. बघणाऱ्याला वाटतं, एखादा भाग अडकतोय, उद्या दुरुस्त होईल. खरा घोटाळा मात्र त्या थेंबातच होता, आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी दिसतो.

बोटातून येणारं रक्त हे शिरेतल्या रक्तासारखं नसतं. त्यात केशवाहिन्यांतलं रक्त, पेशींमधला द्रव आणि कातडीवरचं जे काही असेल ते, असं सगळं मिसळलेलं असतं. म्हणून बोट टोचायचीही रीत ठरलेली आहे. हात गरम करायचा. मधलं किंवा अनामिका घ्यायची, तेही कडेला टोचायचं. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं. पहिला थेंब पुसून टाकायचा. आणि बोट पिळायचं नाही. पिळलं की पेशींमधला द्रव मिसळून रक्त पातळ होतं आणि लाल पेशी फुटतात. लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या प्लाझ्मापेक्षा वीसपटीहून जास्त असतं. थोड्या पेशी फुटल्या तरी ४.२ चं पोटॅशियम रिपोर्टवर साडेपाच-सहा दिसू शकतं. नॉर्मल ३.५ ते ५.१. सहाच्या वर गेलं की डॉक्टर ईसीजी काढायला सांगतात, कारण हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती असते. साध्या लॅबमध्येसुद्धा सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब बाहेर काढल्यावर सीरम लालसर दिसलं तर टेक्निशियन ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा मारतो आणि नवं सॅम्पल मागवतो. अर्ध्या इंचाच्या कुपीत दोन-चार थेंब भरून आणलेल्या सॅम्पलमधून पुन्हा तपासायला उरतं काय?

आणि थेंबाथेंबात फरक असतो. राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एकाच बोटातून लागोपाठ थेंब घेऊन मोजले. हिमोग्लोबिन आणि पेशींचे आकडे प्रत्येक थेंबाला इतके हलत होते की शिरेतल्या रक्ताइतकी खात्री मिळवायला सहा ते नऊ थेंबांची सरासरी काढावी लागली.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, ‘मग ग्लुकोमीटर कसा चालतो?’ चालतो, कारण साखर रक्तात भरपूर असते आणि तिथे एकच गोष्ट मोजायची असते. अर्धा मायक्रोलिटर पुरतो. थायरॉइडचं टीएसएच घ्या. रेणूंच्या हिशेबात ते साखरेपेक्षा कोट्यवधी पटींनी विरळ असतं. एका थेंबात साखर शोधणं आणि त्याच थेंबात टीएसएच, व्हिटॅमिन डी, पीएसए, कोलेस्टेरॉल, सोडियम, सीबीसी सगळं शोधणं ही वेगवेगळी कामं आहेत. त्यांना वेगवेगळी रसायनं लागतात, वेगवेगळे डिटेक्टर लागतात, आणि प्रत्येकाचा वाटा त्याच थेंबातून काढावा लागतो.

थेरानोसच्या एडिसन या यंत्राला त्यातला एकच प्रकार जमत होता, इम्युनोअ‍ॅसे, म्हणजे अँटिबॉडी वापरून पदार्थ मोजणं. आत गोंद लावण्यासाठी वापरतात तसा रोबोटचा हात होता आणि तो पिपेट हलवायचा. २०१४ च्या अखेरीस मेनूवर दोनशेच्या वर चाचण्या होत्या आणि एडिसनवर जेमतेम १५ होत होत्या. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये जॉन कॅरीरूने ऑक्टोबर २०१५ मध्ये हेच छापलं. बाकीच्या चाचण्या इतर कंपन्यांच्या यंत्रांवर व्हायच्या.

आता पुढचं नीट वाचा, कारण मालिका हे भरभर उरकते. सीमेन्सचं अ‍ॅडव्हिया १८०० हे मोठं, चांगलं केमिस्ट्री अ‍ॅनालायझर आहे. ते नेहमीच्या ट्यूबमधल्या सॅम्पलसाठी बनवलेलं आहे. थेरानोसने त्यात बदल करून छोटे कप बसवले, आणि थेंबभर रक्त पुरावं म्हणून ते आधी दुसऱ्या रोबोटने डायल्यूट केलं. अ‍ॅडव्हिया स्वतःही सॅम्पल डायल्यूट करतं. म्हणजे दोनदा पाणी. यातून दोन गोष्टी बिघडतात. एक, पदार्थाचं प्रमाण यंत्र ज्या पट्ट्यात मोजायला मान्यताप्राप्त आहे त्याच्या खाली जातं. दोन, आलेल्या आकड्याला शेवटी डायल्यूशनच्या पटीने गुणावं लागतं आणि चूकही तितक्याच पटीने वाढते. समजा सॅम्पल दहापट पातळ केलं आणि यंत्राने ०.४२ ऐवजी ०.४५ वाचलं. यंत्राची चूक ०.०३ ची, पण रिपोर्टवर ४.२ चे ४.५ झाले. त्यात बोट पिळल्याने फुटलेल्या पेशी धरा. हे आणखी तीन वर्षं दिल्याने सुटत नाही. सॅम्पल जास्त घेतल्याने सुटतं, आणि ‘फक्त एक थेंब’ हेच तर त्यांचं दुकान होतं.

क्वालिटी कंट्रोलबद्दल तर मला राग येतो. कुठल्याही लॅबमध्ये सकाळी पेशंटचं सॅम्पल लावण्याआधी माहीत असलेल्या किमतीचे दोन नमुने, म्हणजे कंट्रोल, चालवतात, एक नॉर्मल पातळीचा, एक असामान्य. आकडा सरासरीपासून दोन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) बाहेर गेला तर थांबून बघायचं. तीनच्या बाहेर गेला तर रिपोर्ट सोडायचेच नाहीत, रिएजंट, कॅलिब्रेशन, दिवा, प्रोब तपासून कंट्रोल पुन्हा लावायचा. थेरानोसमध्ये एका सॅम्पलसाठी एडिसनची तीन यंत्रं चालायची, प्रत्येकाचे दोन आकडे, एकूण सहा. त्यातले नकोसे आकडे ‘आउटलायर’ म्हणून बाजूला काढले जायचे. तिथल्या लॅबमध्ये काम केलेल्या एरिका चंगने कोर्टात हेच सांगितलं. वाईट आकडे काढून टाकले की उरलेले छान जुळणारच. तिथलाच कर्मचारी टायलर शुल्ट्झने प्रोफिशियन्सी टेस्टिंगवर, म्हणजे लॅबच्या बाहेरून होणाऱ्या परीक्षेवर, बोट ठेवलं. बाहेरून आलेलं गुपित सॅम्पल पेशंटच्या सॅम्पलसारखंच, त्याच यंत्रावर चालवायचं, असा अमेरिकेतला कायदा आहे. आपल्याकडेही लॅब वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाच्या ईक्यूएएस या बाह्य गुणवत्ता तपासणीत भाग घेतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. थेरानोस ती सॅम्पलं बाजारातल्या मान्यताप्राप्त यंत्रांवर चालवायची आणि पेशंटची एडिसनवर.

लॅबही दोन होत्या. नेहमीच्या यंत्रांच्या खोलीला ‘जुरासिक पार्क’ म्हणायचे आणि एडिसनच्या खोलीला ‘नॉर्मंडी’. २०१३ च्या अखेरीस सरकारी तपासणी झाली तेव्हा नॉर्मंडी दाखवलीच नाही. पुढे तर बलवानीचा त्वचारोगतज्ज्ञ कागदोपत्री लॅब डायरेक्टर झाला. आपण लॅबमध्ये मोजक्याच वेळा गेलो, असं त्यानेच साक्षीत सांगितलं.

जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या सीएमएस या केंद्रीय आरोग्य यंत्रणेने पेशंटच्या जिवाला तातडीचा धोका असल्याचं पत्र दिलं. ते रक्त गोठण्याच्या चाचणीवरून होतं, पीटी-आयएनआर. वॉरफरिन हे रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध घेणाऱ्याचं आयएनआर साधारण २ ते ३ मध्ये राखतात. रिपोर्ट खोटा कमी आला तर डॉक्टर डोस वाढवतो आणि पेशंटला आतून रक्तस्राव होऊ शकतो. खोटा जास्त आला तर डोस कमी होतो आणि झडपेवर किंवा मेंदूत गुठळी अडकू शकते. ही चाचणी इतकी नाजूक आहे की निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) हे प्रमाण चुकलं, ट्यूब अर्धवट भरली, तरी आपण सॅम्पल परत पाठवतो. त्याच वर्षी मे महिन्यात थेरानोसने एडिसनचे दोन वर्षांचे निकाल रद्द ठरवले. निकाल रद्द करता येतो, पण त्यावरून घेतलेल्या गोळ्या परत घेता येत नाहीत.

म्हणून ‘वेळ मिळाला असता तर’ या म्हणण्याला माझं उत्तर असं. वेळ कसा वापरायचा ते आमच्या क्षेत्रात लिहून ठेवलेलं आहे. एक चाचणी घ्या. वीस दिवस, रोज दोन वेळा, प्रत्येक वेळी दोनदा चालवा, म्हणजे ८० आकडे, त्यावरून यंत्र स्वतःशी किती सुसंगत आहे ते कळतं. मग कमीत कमी ४० पेशंटचं बोटातलं आणि शिरेतलं रक्त एकाच वेळी घेऊन तुलना करा, आणि त्यात अगदी कमी व अगदी जास्त किमतींची सॅम्पलंही हवीत. सगळं जुळलं तर ती एक चाचणी सुरू करा. मग दुसरी. दहा वर्षांत वीस-पंचवीस चाचण्यांचं प्रामाणिक यंत्र निघालं असतं आणि त्यालाही गिऱ्हाईक मिळालं असतं. त्यांना दोनशे हव्या होत्या, त्याही एकदम, कारण नऊ अब्ज डॉलरचं मूल्यांकन पंचवीस चाचण्यांवर मिळत नाही. अ‍ॅप अर्धवट असताना बाजारात आणता येतं, पडलं तर रात्रीत दुरुस्त होतं. रिपोर्टचं तसं नाही. तुमच्या ओळखीत कुणी आरोग्याशी संबंधित स्टार्टअप काढत असेल तर त्याला डेमो मागू नका. व्हॅलिडेशनचा डेटा मागा, तोही एकही आकडा न गाळलेला.

कोर्टाबद्दल एक गोष्ट अजून सलते. जानेवारी २०२२ मध्ये होम्स चार आरोपांत दोषी ठरली आणि ते चारही गुंतवणूकदारांना फसवल्याचे होते. पेशंटना फसवल्याच्या आरोपांतून ती सुटली. शिक्षा सव्वा अकरा वर्षं. नंतरच्या वेगळ्या खटल्यात बलवानी मात्र बाराही आरोपांत दोषी ठरला, पेशंटचे धरून. किती पेशंटचे रिपोर्ट चुकले हे मोजता आलं असतं असा लॅबचा डेटाबेस ऑगस्ट २०१८ मध्ये मोडीत काढला गेला, आणि सरकारी वकिलांना मिळालेली त्याची प्रत पासवर्डअभावी उघडलीच नाही.

दोन गोष्टी राहिल्या. बोटातलं रक्त म्हणजे निरुपयोगी, असं माझं म्हणणं अजिबात नाही. साखर, एचबीए१सी, स्ट्रिपवरचं आयएनआर, नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेलं रक्त, हे सगळं व्यवस्थित व्हॅलिडेट केलेलं आहे आणि रोज वापरात आहे. आणि मालिकेतली खासगी संभाषणं लेखकांनी रचलेली आहेत, ती पुरावा म्हणून वापरू नका.

बाकी दोन मालिकांत विषय वेगळा आहे. उबरची सेवा चालत होती. ‘सुपर पम्प्ड’मधला उबरचा संस्थापक ट्रॅव्हिस कॅलनिक नियम आणि माणसं तुडवतो, पण गाडी दारात येते. ‘वीक्रॅश्ड’ वीवर्क या कंपनीवर आहे, तिच्यात तंत्रज्ञान नावापुरतंच आहे. जागा १५-१५ वर्षांच्या करारावर घ्यायची आणि महिन्याच्या बोलीवर पुढे भाड्याने द्यायची, हा साधा हिशेब. ऑगस्ट २०१९ मध्ये शेअर बाजारासाठीची कागदपत्रं उघडी झाली तेव्हा तो सगळ्यांना दिसला, आणि दीड महिन्याच्या आत संस्थापक अ‍ॅडम न्यूमनला प्रमुखपद सोडावं लागलं. या दोन्हींतून आधी ‘सुपर पम्प्ड’ घ्या. तिचे सातच भाग आहेत आणि संचालक मंडळात फाउंडरला कसं बाजूला करतात ते त्यात जास्त नेमकं आलंय.