रीजनलची नोकरी, ७६ सीट आणि तुमचा रस्त्याकडेचा एकर

तुझा मेसेज दोनदा वाचला. एकदा शिकागोच्या क्रूरूममध्ये घाईघाईत, आणि एकदा घरी, रात्री चहा घेऊन. म्हणून उत्तराला चार दिवस लागले. रागावू नकोस.

तुझं म्हणणं थोडक्यात असं. बी.एस्सी. झालंय. पुण्यातला एजंट सांगतो की अमेरिकेत वैमानिकांचा तुटवडा आहे. फ्लोरिडात शीक, उड्डाणाचे दीड हजार तास भर, रीजनल कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, हो. वर तो असंही म्हणाला की ‘स्कोप क्लॉज’ आता सैल होणार, मोठी रीजनल जेट येणार, मग जागाच जागा. त्यासाठी बारामती रस्त्याकडेचा एकर विकायला वडील तयार आहेत. आणि तू विचारतोस, ताई, यात खरं किती?

दीड हजार तासांचं खरं आहे. बाकीचं तुझ्या कामाचं नाही. स्कोपपासून सुरुवात करते, कारण एजंटने तो शब्द फेकला खरा, पण त्याचा अर्थ त्याला ठाऊक असेल असं वाटत नाही. मलाही रीजनलमध्ये वैमानिक म्हणून नोकरीला लागेपर्यंत नीट कळला नव्हता.

इथे ज्या छोट्या जेटमध्ये बसशील त्याच्या अंगावर डेल्टा, युनायटेड किंवा अमेरिकन लिहिलेलं असतं. तिकीट त्यांचं, ॲप त्यांचं, कोकबरोबर मिळणारा कागदी रुमालही त्यांचा. पण तिकिटावर बारीक अक्षरांत ‘ऑपरेटेड बाय’ म्हणून दुसरंच नाव असतं: स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय, एंडेव्हर. वैमानिक त्या दुसऱ्या कंपनीचे, पगारही तिचाच. मोठी कंपनी तिकिटं विकते आणि छोटीला फेऱ्यांच्या हिशेबाने ठरलेले पैसे देते. विमान भरलेलं गेलं काय नि अर्धं रिकामं गेलं काय, छोटीला सहसा फरक पडत नाही.

मुंबईतली बेस्टची लाल बस डोळ्यांसमोर आण. रंग बेस्टचा, नंबर बेस्टचा, ड्रायव्हर मात्र कंत्राटदाराचा. २०१९ मध्ये भाड्याच्या बसचा प्रश्न पेटला तेव्हा कामगार संघटनेबरोबर करार झाला की बेस्टच्या स्वतःच्या ३,३३७ बस कायम राहतील. तो आकडा म्हणजेच स्कोप क्लॉज: किती काम बाहेर द्यायचं नि किती आपल्याच माणसांकडून करून घ्यायचं याची करारातली रेघ. त्याचं पुढे काय झालं ते मुंबईकर रोज स्टॉपवर उभे राहून बघतात. इथल्या वैमानिकांनी मात्र आपला आकडा दातओठ खाऊन धरून ठेवलाय.

आकडा असा: ७६ सीट आणि ८६,००० पौंड, म्हणजे साधारण ३९ हजार किलो. उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन याहून जास्त असेल किंवा ७७ वी सीट बसवली, तर ते विमान मेनलाइनच्या, म्हणजे मोठ्या कंपनीच्या स्वतःच्या वैमानिकांनीच उडवायचं. शिवाय अशी विमानं किती असावीत यालाही मर्यादा आहे. युनायटेडच्या करारात ७० आणि ७६ सीटची मिळून २५५, त्यातली ७६ वाली १५३. अमेरिकनमध्ये मोठ्या आकाराची रीजनल विमानं त्यांच्या स्वतःच्या एका मार्गिकेच्या विमानांच्या ४० टक्क्यांपर्यंतच. हे सरकारी नियम नाहीत बरं का. कंपनी आणि तिच्या वैमानिकांची संघटना यांच्यातला करार, बस्स.

गंमत म्हणजे विमान बनवणाऱ्यांनाही याच कागदाकडे बघून विमानं कापावी लागतात. एम्ब्राएर कंपनीच्या ई-१७५ मध्ये ८८ सीट बसू शकतात. इथे १२ अधिक ६४ अशा ७६ च. कोल्हापूरकडच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरच्या ई-१७५ मध्येही नेमकं तेच गणित आहे, पण तिथे ते दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या वैमानिकांनी ठरवलेलं नाही. अमेरिकन ईगलसाठी एम्ब्राएरने ५० सीटचं विमान आखूड करून ४४ चं ईआरजे-१४० काढलं, कारण तेव्हाच्या करारात रेघ तिथे होती. २०१९ मध्ये युनायटेडने ७० सीटच्या सीआरजे-७०० मधून वीस सीट काढून त्याचं सीआरजे-५५० केलं, का, तर ७० ची मर्यादा भरली होती, ५० ची नव्हती. मोकळ्या जागेत बॅगांची कपाटं आणि फराळाचा कट्टा. मी एकदा त्यातून प्रवासी म्हणून गेले. मागच्या काकू ‘काय ऐसपैस केलंय!’ म्हणून खूश होत्या. काकूंना कोण सांगणार की ही ऐसपैस वैमानिकांच्या भांडणातून आलीय.

आता एजंटचं ‘मोठी जेट येणार’. ते विमान म्हणजे ई-१७५-ई२. नवी इंजिनं, कमी इंधन, पण इंजिनं जड. कमाल वजन सुमारे ४४,६०० किलो. रेघेच्या साडेपाच हजार किलो पुढे. एम्ब्राएरने ते २०१९ मध्ये उडवून दाखवलं, स्कोप सैल होईल या आशेवर थांबले, आणि २०२२ मध्ये काम तीन वर्षं थांबवत असल्याचं जाहीर केलं. नंतर ती मुदतही वाढवली. जपानच्या मित्सुबिशीचं स्पेसजेट तर त्याहून वाईट रीतीने गेलं. त्याचं नव्वदीचं मॉडेलही या रेघेत बसत नव्हतं. ट्रान्स स्टेट्स या रीजनलवाल्यांनी २०१९ मध्ये आपली ऑर्डर मागे घेतली, २०२३ मध्ये मित्सुबिशीने प्रकल्पच गुंडाळला. एवढ्या मोठ्या दोन कंपन्या ज्या आशेवर बसून थकल्या, त्या आशेवर तू एकर विकणार आहेस.

रेघ कधी हललीच नाही असं नाही. १९९३ मध्ये सिनसिनाटीच्या कॉमएअरने ५० सीटचं जेट आणलं तोवर रीजनल म्हणजे पंख्याची छोटी विमानं, त्यांच्याकडे मेनलाइनवाले ढुंकून बघत नसत. जेट आल्यावर त्यांना जाग आली. मग ११ सप्टेंबरनंतर एकेक मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्या अडचणीत वैमानिकांकडून ५० चे ७०, ७० चे ७६ करून घेतले गेले. त्या काळात मेनलाइनच्या हजारो वैमानिकांना घरी बसावं लागलं आणि त्यांचेच मार्ग रीजनलची पोरं वर्षाला वीस हजार डॉलरच्या आसपास पगारावर उडवत होती. ज्यांनी ते भोगलं तेच आज संघटनेत बसलेत. २०१२ च्या आसपासच्या करारांपासून रेघ ७६ वर आहे. पुढच्या वाटाघाटींत वैमानिक पगाराचा टक्का कमी घेतील, पण ही रेघ सोडतील असं मला वाटत नाही.

आणि सोडू नयेच, असं माझं मत आहे. मी रीजनलची असून. कारण इथे सगळं सीनिऑरिटीवर चालतं. कंपनीत लागलास त्या तारखेचा नंबर, आणि त्याच नंबरावर विमान, बेस (जिथून ड्युटी सुरू होते ते शहर), सुट्ट्या, दिवाळीला घरी की फार्गोच्या हॉटेलात, सगळं. कंपनी बदलली की पुन्हा तळाला. म्हणजे तुला शेवटी जिथे पोहोचायचंय ती मेनलाइनची जागा. रीजनलमध्ये नव्वद सीटची विमानं आली तर तुला आज पाच जागा जास्त मिळतील आणि दहा वर्षांनी ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या पंधरा कमी होतील. (आकडे उदाहरणाचे आहेत, कुठे छापू नकोस.)

स्कोपची दुसरी बाजूही सांगते, ती मी अंगावर काढलीय. रीजनल कंपनीचं स्वतःचं काहीच नसतं, ना तिकीट ना मार्ग. माझ्या आधीच्या कंपनीचं एका मोठ्या कंपनीबरोबरचं कंत्राट बदललं. एका मंगळवारी ईमेल आला की आमचा बेस साठ दिवसांत बंद. त्या शहरात घर घेऊन मला चौदा महिने झाले होते. मग पुढची दोन वर्षं दुसऱ्या शहरात कामाला जाण्यासाठी आदल्या रात्री विमानाने जायचं, तेही सीट रिकामी असली तर. तिथे क्रॅशपॅड: एका अपार्टमेंटमध्ये बारा जण, तीन मजली पलंग, फ्रिजच्या कप्प्यावर चिकटपट्टीने नाव. मी लसणाची चटणी ठेवायचे ती डब्यात डबा घालून. तरी एकाने विचारलंच, ‘गॅस लीक आहे का?’ रिझर्व्हवर असलं की फोन उशाशी. वाजला की दोन तासांत विमानतळावर. कंत्राटं मिळणं-जाणं, त्यातून बेस बंद होणं हे इथे पावसाळ्यासारखं आहे, दरवर्षी कुठे ना कुठे पडतंच. कॉमएअरच्या वैमानिकांनी २००१ मध्ये ८९ दिवस संप करून पगार वाढवून घेतला; २०१२ मध्ये ती कंपनी बंद झाली.

दीड हजार तासांचं मात्र बरोबर आहे. २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन या रीजनल कंपनीचं विमान पडून ५० जण गेले, त्यानंतर झालेल्या कायद्याने २०१३ पासून एअरलाइनच्या फर्स्ट ऑफिसरलाही एटीपी, म्हणजे दीड हजार तासांनंतर मिळणारं एअरलाइन वैमानिकाचं लायसन्स, लागतं. मान्यताप्राप्त कॉलेजची विमानविद्येची चार वर्षांची पदवी असेल तर १,००० तास चालतात; तुझी बी.एस्सी. त्यात धरत नाहीत. या अटीमुळे वैमानिक कमी पडले आणि पगार वाढले. २०२२ मध्ये अमेरिकनच्या मालकीच्या रीजनल कंपन्यांनी पहिल्या वर्षाच्या फर्स्ट ऑफिसरला तासाला ९० डॉलर केले. एजंटच्या डोक्यात तेच साल अडकलंय. २०२४ पर्यंत मोठ्या कंपन्यांची भरती थंडावली, वरचे वर जाईनात, म्हणून खालचेही हलेनात. मी शिकवलेली काही मुलं दीड हजार तास भरूनही वाट बघत बसली, आणि ती सगळी इथली नागरिक.

इथे तुझं खरं घोडं अडतं, आणि हे एजंटने सांगितलं नाही याचा मला राग येतो. एअरलाइनला काम करण्याचा कायमचा हक्क असलेला माणूस लागतो. एच-१बी हा कामाचा व्हिसा वैमानिकाला जवळपास मिळतच नाही, कारण तो पदवी ही अट असलेल्या कामांसाठी आहे आणि विमान उडवायला कायद्याने पदवी लागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या लोकांसाठी ई-३ नावाचा वेगळा व्हिसा आहे, त्यावर इथल्या रीजनल कंपन्यांनी त्यांना घेतलंही. आपल्याला तो नाही. मी इथवर आले ती लग्न होऊन, नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या रांगेत सहा वर्षं काढून. विमान शिकायला सुरुवात केली तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि कार्ड हातात होतं. माझं उदाहरण घेऊन कुणी तुला गळाला लावत असेल तर एवढं त्याला सांग.

तुझ्या शाळेचा व्हिसा कोणता ते बघ. एम-१ असेल तर शिक्षणाच्या दर चार महिन्यांमागे एक महिना काम, तेही जास्तीत जास्त सहा महिने. त्यात दीड हजार तास? शक्यच नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीच्या, काळात इन्स्ट्रक्टर म्हणून बरेच तास भरतात, मुलं करतात तसं, पण ओपीटी संपलं की विमानतळाचं दार तेच आणि तिकीट मुंबईचं.

तेव्हा अमेरिकेत यायचंच असेल तर शिकून परत जाण्याच्या हिशेबाने ये. डीजीसीएला, म्हणजे भारताच्या विमान नियामकाला, सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) २०० तास लागतात, दीड हजार नाही. एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, हवामान आणि आरटीआर (विमानाच्या रेडिओवर बोलण्याचा परवाना) हे पेपर इथे येण्याआधी काढून टाक. फ्लोरिडाच्या उकाड्यात रात्री ते पुस्तक उघडवत नाही. आणि त्याही आधी, एक रुपया कुणाला देण्याआधी, क्लास वन मेडिकल. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला चाळीस लाख भरल्यावर डोळ्यांचं कळलं. इथल्यासारखाच हिशेब गोंदिया, शिरपूर आणि तुझ्या घराजवळच्या बारामतीतल्या फ्लाइंग स्कूलचाही काढ. खर्चापेक्षा एकच प्रश्न विचार: गेल्या वर्षी आलेल्या मुलाचे २०० तास किती महिन्यांत झाले? ऑफिसात विचारू नकोस, गेटबाहेर चहाच्या टपरीवर मुलांना विचार. अमेरिकेची जमेची बाजू हीच की हवा चांगली असली तर तास पटापट होतात. तेवढ्यासाठी किती पैसे जास्त मोजायचे ते तुम्ही घरी बसून ठरवा. टाइप रेटिंगचे (ठरावीक विमान उडवण्याच्या खास प्रशिक्षणाचे) पैसे त्यात धरायला विसरू नका, ते भारतात बहुतेकदा स्वतःच्या खिशातून जातात.

शाळेने पाठवलेल्या आय-२० चा (प्रवेशाचा कागद, ज्यावर व्हिसा मिळतो) फोटो मला पाठव, कोर्सचा प्रकार आणि मुदत दिसेल असा. पासपोर्ट नंबर झाकून. उद्यापासून चार दिवस ट्रिपवर आहे, शुक्रवारी रात्री बघते. तोवर एकराचा विसार घेऊ नका म्हणावं वडिलांना.