अल्फा कण आदळल्यावरच अणूतला इलेक्ट्रॉन सुटतो का?

नाही, यासाठी वापरतात तो ‘टक्कर’ हा शब्दच फसवा आहे. अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी अणूतून सुटणारा दोन प्रोटॉन-दोन न्यूट्रॉनचा कण, कॅरमच्या स्ट्रायकरसारखा आदळत नाही. जवळून जाता जाता आपल्या धनप्रभाराने इलेक्ट्रॉनला हिसका देतो. हिसका पुरला तर इलेक्ट्रॉन सुटतो, मागे धन आयन, म्हणजे धनप्रभार असलेला अणू, उरतो. कमी पडला तर इलेक्ट्रॉन अणूतच नुसता वरच्या ऊर्जा-पातळीवर चढतो; हे उत्तेजन.

काही स्मोक डिटेक्टरमध्ये अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं. त्याच्या अल्फा कणाची ऊर्जा सुमारे ५५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हवेत एका आयन-जोडीमागे (सुटलेला इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेला आयन) सरासरी ३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्च होतात, म्हणजे जेमतेम ४ सेंटीमीटरच्या वाटेत दीड लाखावर जोड्या! नायट्रोजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला खरं तर १५.६ पुरतात, बाकीची ऊर्जा उत्तेजनात आणि सुटलेल्या इलेक्ट्रॉनच्या वेगात जाते. गंमत म्हणजे कण मंदावला की उलट जास्त आयन करतो, कारण प्रत्येक रेणूपाशी तो जास्त वेळ रेंगाळतो.