आधी विचार, कुठलं पाणी?

चि. मुली,

सभेत तू नेरुळच्या तलावावरच्या फ्लेमिंगोंसाठी बोलायला उठलीस, तर कुणीतरी म्हणालं, ‘आमच्या नळाला वेळेवर पाणी नाही आणि हिला फ्लेमिंगोंचं पडलंय!’ आणि तू खाली बसलीस. वर मलाच विचारतेस, ‘काका, त्यांचंही खरं आहे ना?’

टंचाई खरी आहे, हिशेब खोटा. कुठलं पाणी, हे तू विचारायला हवं होतंस.

नवी मुंबईच्या नळाला येतं ते मोरबे धरणाचं, खालापूरकडच्या धावरी नदीचं. नेरुळच्या डीपीएस तलावाला लागते ठाणे खाडीची भरती. ते खारं पाणी कुणाच्या हंड्यात जाणार होतं? 2024 मध्ये तलाव सुकत गेला, तो कुणी टँकर भरून नेले म्हणून नव्हे. भरती आत यायच्या वाटा बुजल्या होत्या. खाडीतला चिखल भरतीला बुडाला की पक्षी इथे येऊन टेकतात. मोरब्याचा एक थेंब तरी त्यांनी मागितलाय का?

नोकरीत असताना बैठकीत ‘आधी माणसं’ म्हटलं की सगळे माना डोलवायचे. मी विचारायचो, कुठलं पाणी? हेकट म्हणून नाव पडलं, बढती लांबली. लांबली तर लांबली! खंत एवढीच की तो प्रश्न इतिवृत्तात कधी उतरला नाही. 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला, पण बुजलेला नाला पाटी लावून वाहत नाही गं.

गोडं पाणी वाचवायचंच असेल, तर ऐरोली-कोपरखैरण्याला सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना देतात, ते कोण किती घेतंय ते विचार. सोसायटीची बाग कुठल्या पाण्यावर पोसली जाते, तेही. बघ कोण कोण छताकडे बघतं!

धावरीकाठी मात्र भांडण खरं आहे. आपण अडवलेलं पाणी त्या नदीचंच होतं. तिथे आपण नळवाले, आणि कमी वापरायचं ते आपणच. तिथेही प्रश्न तोच, फक्त उत्तर आपल्याला झोंबणारं.

आता रडगाणं पुरे. भरतीचं वेळापत्रक बघ आणि तलावाच्या नाल्याशी जा. पक्ष्यांचे फोटो नकोत. पाणी किती बोटं चढलं ते तारीख-वेळेसह लिही. नाला मोकळा करा म्हणून अर्ज लिही, मसुदा मी तपासून देईन, सही तुझी. ‘काका, तुम्हीच बोला ना’ हे यावेळी चालणार नाही.

तुझा काका