ध्रुवावरचा भोवरा आणि औशाचा हरभरा

प्रश्न (औसा, जि. लातूर): ‘ध्रुवीय भोवरा फुटला, आता कडाक्याची थंडी’ असा मेसेज हिवाळ्यात फिरतो. इतक्या उंचावरच्या वाऱ्याचा खालच्या थंडीशी काय संबंध? हरभऱ्याला पाणी कधी द्यायचं, हे त्यावरून ठरवावं का?

उत्तर: संबंध आहे. पण सुरुवात बहुतेक वेळा खालून होते, ते मेसेजात नसतं.

आपण राहतो तो थर तपांबर. तो ध्रुवाजवळ 8-9 किलोमीटरवर संपतो, लातूरवर 16-17 वर. त्याच्या वर स्थितांबर. हिवाळ्यात ध्रुवावर ऊन नसतं, वरची हवा गारठते आणि तिच्याभोवती पश्चिमेचे वारे गरगरत राहतात. हाच तो भोवरा. खाली मात्र हिमालय, रॉकीसारखे पर्वत आणि जमीन-समुद्राच्या तापमानातला फरक यांमुळे वाऱ्यात हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा उठतात. त्या सगळ्याच वर चढत नाहीत. वर पश्चिमेचे वारे असतील, आणि तेही बेताचेच जोरात, तरच लाट चढते. त्यातही पृथ्वीच्या एका फेऱ्यात एखाद-दोन हेलकावे घेणारी लांब लाटच. चार्नी आणि ड्राझिन या हवामानशास्त्रज्ञांनी हे 1961 मध्ये गणितानं दाखवलं. उन्हाळ्यात वर पूर्वेचे वारे असतात, म्हणजे दारच बंद.

वर हवा विरळ, त्यामुळे चढणारी लाट मोठी होत जाते आणि फुटते. भोवऱ्याला ब्रेक लागतो, हवा ध्रुवाकडे सरकून खाली बसते, दाबली जाते आणि तापते. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही, कारण दाबलेली हवाच डिझेल पेटवते. तोच हिशेब इथे. चार-सहा दिवसांत 30-40 अंशांची वाढ होऊ शकते. बर्लिनचे हवामानशास्त्रज्ञ शेरहाग यांना ही वाढ प्रथम 1952 मध्ये दिसली. गंमत म्हणजे त्याच वेळी आपल्या उष्ण कटिबंधावरचं स्थितांबर थोडं गार होतं.

‘भोवरा फुटला’ हे तपासायचं असेल, तर 60 अंश उत्तरेला, 10 हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवर (सुमारे 30 किलोमीटर) सरासरी वारा पाहा. तो शून्याखाली गेला, म्हणजे पूर्वेचा झाला, तरच घटना मोठी. दहा वर्षांत अशा साधारण सहा होतात; फेब्रुवारी 2018 आणि जानेवारी 2021 मध्ये झाल्या. मग परिणाम हळूहळू खाली झिरपतो. बाल्डविन आणि डंकर्टन यांनी 2001 मध्ये दाखवलं, की तो 60 दिवसांपर्यंत टिकू शकतो. जेट प्रवाह, म्हणजे तपांबराच्या माथ्याजवळचा वेगवान वारा, दक्षिणेला सरकतो आणि उत्तर युरोप, सायबेरिया गारठतात. काही घटना मात्र वरच विरून जातात.

मराठवाड्यापर्यंत हा धागा फार बारीक होत येतो. आपली थंडी पडते ती पश्चिमी झंझावात सरकल्यावर उत्तरेचे कोरडे वारे सुटले आणि आभाळ निरभ्र राहिलं की. जमिनीची ऊब रात्रीतून उडून जाते. उलट बंगालच्या उपसागराकडून दमट वारे आले, की ढग येतात आणि त्याच आठवड्यात रजई घडी करून ठेवावी लागते. म्हणून भोवरा सोडा. हवामान विभागाचा चार-पाच दिवसांचा अंदाज आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला पाहा. थंड रात्रीच्या आधी विहिरीचं पाणी हलकं द्यावं, तुषारनं दिलं तर उत्तम. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. पण फुलोऱ्याच्या सुरुवातीचं आणि घाटे भरतानाचं पाणी आधीच दिलं असेल, तर केवळ थंडीच्या धास्तीनं काळ्या जमिनीत पाट सोडू नका. पाणी जास्त झालं की हरभरा उभळतो, आणि हे नुकसान थंडीपेक्षा हमखास.

प्रश्न (जि. नांदेड): शेतात पॅराशूटला बांधलेली पेटी पडली, तर काय करायचं?

उत्तर: हैदराबादच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) केंद्रातून हिवाळ्यात प्लास्टिकचे मोठे फुगे स्थितांबरात सोडतात, 30-40 किलोमीटरपर्यंत. त्यांची उपकरणं पॅराशूटनं उतरतात, कधी आपल्याकडेही. पेटी उघडू नका, हलवू नका. काहींत उच्च विद्युतदाब असतो. पेटीवरच्या नंबरवर फोन करा किंवा पोलीस पाटलाला कळवा.