फ्लॉरेन्समधील एक दिवस आणि राजाराम महाराजांची छत्री

प्रश्न : मी इटलीतील पिसा येथे पदव्युत्तर शिक्षण घेत असून पुढील महिन्यात एका दिवसासाठी फ्लॉरेन्सला जाणार आहे. आम्ही मूळचे कोल्हापूरचे, त्यामुळे फ्लॉरेन्समधील राजाराम महाराजांची छत्री (स्मारक) पाहिल्याशिवाय परतू नकोस, असे आजोबांनी बजावले आहे. बरोबरच्या मैत्रिणींच्या मते मात्र छत्री असलेल्या कास्चिने उद्यानाच्या टोकापर्यंत जाण्यात अर्धा दिवस वाया जाईल. मी काय करावे?
– एक विद्यार्थिनी, पिसा

उत्तर : आजोबांचे ऐका, आणि शक्य झाल्यास मैत्रिणींनाही बरोबर न्या. इंग्लंडचा दौरा आटोपून मायदेशी परतत असताना कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. हे शहर त्या वेळी इटलीची राजधानी होते. दहनाची प्रथा तेथे नसतानाही स्थानिक प्रशासनाने खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीप्रमाणे महाराजांवर अंत्यसंस्कार झाले. परमुलखात, आप्तेष्टांपासून इतक्या दूर, नदीसंगमाची जागा शोधून हे सारे पार पाडणाऱ्या त्यांच्या सोबत्यांची मनःस्थिती काय असेल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

त्याच जागी १८७४ मध्ये स्मारक उभे राहिले. खांबांवर पेललेल्या छत्रीखाली महाराजांचा संगमरवरी अर्धपुतळा असून तो रंगवलेला आहे. त्यामुळे पगडी आणि गळ्यातील दागिने जवळून निरखण्यासारखे आहेत. पुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा, तर छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही मँट यांनीच आखलेला असल्याने तो लहानपणापासून पाहिलेल्या तुमच्यासारखीला येथे ओळखीचे काही सापडेल, असे वाटते. शेजारून जाणाऱ्या, १९७८ मध्ये पूर्ण झालेल्या पुलालाही या स्मारकावरून ‘इंडियानो’ (म्हणजे ‘भारतीय’) हे नाव मिळाले आहे. नकाशात तेच शोधावे.

पिसाहून प्रादेशिक रेल्वेने सुमारे तासाभरात फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकावर पोहोचता येते. तिकीट छापील असेल, तर गाडीत बसण्यापूर्वी फलाटाजवळील यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायला विसरू नका, अन्यथा दंड भरावा लागतो. स्थानकाबाहेरून टी-१ ट्राम पकडून कास्चिने थांब्यावर उतरावे. तेथून छत्री उद्यानाच्या पश्चिम टोकाला, जवळपास अडीच-तीन किलोमीटरवर आहे; पाणी आणि खाण्याचे थोडे जवळ ठेवावे. सकाळी प्रथम हेच उरकल्यास दुपारपर्यंत शहरात परतता येते.

दुपारनंतर उफित्झी किंवा अकादेमिया यांपैकी एकच संग्रहालय निवडा आणि तिकीट आधी काढून ठेवा. दोन्हींचा हव्यास धरल्यास एकही नीट पाहून होत नाही. येथील कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट खालून पाहिला तरी चालेल. वर जायचे तर ४६३ पायऱ्या आहेत आणि सकाळच्या पायपिटीनंतर त्या जड जातील. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत प्रवेश मोफत असतो. पण त्या दिवशीच्या रांगांत तुमचा वेळ जाईल. सोमवार तर टाळाच, कारण ही दोन्ही संग्रहालये त्या दिवशी बंद असतात.