वेब डिझायनर व्हायचं तर प्रोग्रामिंग यायलाच हवं का?

पूर्ण प्रोग्रामिंग नको, पण एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (त्याचं रूप) हाताखालून गेलेलं हवंच. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हलतं-बोलतं करणारी भाषा, वाचून अंदाज येण्याइतपत पुरे. फिग्मा या डिझाइन आखायच्या सॉफ्टवेअरमधलं चित्र जागचं हलत नाही, ब्राउझरमध्ये मात्र सगळं ताणतं नि आक्रसतं. 'सबमिट' लिहिलेलं बटण फिग्मात सुबक दिसतं. तिथे 'अर्ज दाखल करा' आलं की मजकूर दुसऱ्या ओळीत घसरतो, आणि उंची पिक्सेलमध्ये बांधलेली असेल तर वरच्या वेलांट्या नि खालचे उकार बटणाबाहेर सांडतात किंवा कापले जातात. ज्याला पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) कळते तो उंची बांधतच नाही. मी रोज डिझायनरच्या फायलींवरून पानं बनवतो. निम्मी खडाजंगी असल्याच गोष्टींवरून होते. फिकट राखाडी अक्षरांवरूनही! साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडातला फरक, लागतो (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे डब्ल्यूसीएजी निकष, एए पातळी). डेटाबेस, लॉगिन, सर्व्हर हे डेव्हलपरवर सोडा. अपवाद एकच: एकट्याने फ्रीलान्स करणार असाल तर वर्डप्रेसची (साइट बनवायची तयार प्रणाली) थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फायली, उघडून दुरुस्त करण्याइतकं पीएचपी ही तिची भाषाही शिका, कारण साइट बंद पडली की क्लायंट फोन तुम्हालाच करणार.