विचारा, सांगते : गणित सोडलं होतं, आता संख्याशास्त्र?

प्रश्न : बाई, मी बार्शीची. बारावी सायन्स झाले आहे, पण डॉक्टर व्हायचंच ठरल्यामुळे गणित सोडून भूगोल घेतला होता. नीट दोनदा दिली, जमली नाही. आतेभाऊ म्हणतो, सगळीकडे डेटाचीच कामं आहेत, बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स कर. कॉलेजात गेले तर खिडकीवरच्या सरांनी मार्कशीट पाहिली आणि ‘गणित नाही, मिळणार नाही’ म्हणून परत सरकवली. काही मार्ग आहे का? (नाव छापू नये)

उत्तर : बाळ, सर तुसडे बोलले असतील, पण खोटं बोलले नाहीत. प्रवेशाच्या अटी कॉलेजागणिक थोड्याफार बदलतात, पण संख्याशास्त्र मेजर, म्हणजे मुख्य विषय, घ्यायचं तर बारावीचं गणित बहुतेक ठिकाणी मागतातच. मी एकतीस वर्षं हा विषय शिकवला. अट नसती, तरी तुला हेच सांगितलं असतं.

लोकांना वाटतं, संख्याशास्त्र म्हणजे सरासरी काढायची, रकाने भरायचे. ते पहिल्या दोन महिन्यांत संपतं. मग येते संभाव्यता, आणि प्रसामान्य वक्राखालचं (घंटेच्या आकाराच्या नॉर्मल कर्व्हखालचं) क्षेत्रफळ म्हणजे इंटिग्रेशनच. ज्याला ते येत नाही तो टेबलातले आकडे उतरवतो, जर्नल पूर्ण करतो आणि एस.वाय.ला आकलक (नमुन्यावरून अंदाज काढायची सूत्रं) आणि गृहीतकांची चाचणी सुरू झाली की मागच्या बाकावर जाऊन बसतो. असे बसलेले मी पुष्कळ पाहिले. मीही एफ.वाय.ला एका चाचणीत वीसपैकी चार मिळवले होते, तेव्हा हे वरून बोलत नाहीये.

आता मार्ग. बारावी पास झालेल्याला बोर्डाच्या परीक्षेला एकाच विषयासाठी बसता येतं. ऑफिसात ‘आयसोलेटेड’ म्हणून विचार, म्हणजे क्लार्कला लगेच कळेल. मात्र फॉर्म भरण्याआधी ज्या कॉलेजात जायचंय तिथे ‘असं गणित चालेल ना?’ हे विचारून घे, आणि जमलं तर लेखी घे. आमच्या गल्लीतल्या एका मुलीने एक वर्ष थांबून हेच केलं. वर्ष वाया गेलं असं नातेवाईक म्हणत राहिले. तिला त्या वर्षी पहिल्यांदा गणित कळलं.

पण त्याच्याही आधी एक कर. बारावीच्या ‘गणित व संख्याशास्त्र’च्या पुस्तकाचे दोन भाग आहेत. कुणाकडून तरी दुसरा भाग मागून आण. त्यात शेवटी संभाव्यता वितरणं आणि द्विपद वितरण आहे. पंधरा दिवस फक्त तेवढंच वाच, हाताने उदाहरणं सोडव. रात्री झोपताना एखादं अडलेलं उदाहरण डोक्यात घोळत राहिलं, तर हा विषय तुझा. नुसता कंटाळाच आला, तर आतेभावाचं ऐकू नकोस. त्याला काय जातंय सांगायला!

पुढचं थोडक्यात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार सत्राला २० ते २२ क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक), तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. चौथं वर्ष केलंस तर ऑनर्स. त्यातही संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के लागतात. मेजरशिवाय मायनर म्हणजे दुय्यम विषय, भाषा, फील्ड प्रोजेक्ट, ऑन-जॉब ट्रेनिंग असं बरंच काही असतं. प्रॅक्टिकलला सायंटिफिक कॅल्क्युलेटर लागतो, आणि हल्ली कॉम्प्युटरवर ‘आर’ ही आकडेमोडीची भाषा शिकवतात. कॉम्प्युटरची भीती बाळगू नकोस, तो पंधरवड्यात येतो.

बार्शीची आहेस, आसपास ज्वारीची शेतं असतील, म्हणून एक सांगते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे, हे नाव ऐकलं आहेस? शेतात किती पीक येईल हे नमुना घेऊन कसं मोजायचं, यावर त्यांनी आणि त्यांचे सहकारी पानसे यांनी मोठं काम केलं. कोलकात्याचे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा कल लहान वर्तुळाएवढा तुकडा कापण्याकडे होता. सुखात्मे-पानसे यांनी दाखवलं, की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न फुगून दिसतं. का? कडेवरचं पिकाचं ताट (धाट) आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. लहान तुकड्यात आतल्या पिकाच्या मानाने कडच जास्त, म्हणून चूकही जास्त. पीक विम्यासाठी आजही पीक कापणी प्रयोग होतात. तुझ्याकडे ज्वारीचं शेत असेल तर कडेला उभी राहून बघ, मी काय म्हणते ते कळेल. जीवशास्त्र शिकलीस तेही फुकट नाही. औषधांच्या चाचण्यांचं सगळं गणित याच विषयावर चालतं.

प्रश्न : मुलगा बारावी कॉमर्सला आहे, गणित घेतलं आहे. त्याला कोलकात्याच्या आय.एस.आय.ची (भारतीय सांख्यिकी संस्थेची) बी.स्टॅट. पदवी करायची आहे. कॉमर्सवाल्याला चालतं का? (एक पालक, चिपळूण)

उत्तर : चालतं. बारावीला गणित आणि इंग्रजी असलं की झालं, शाखा विचारत नाहीत. अडचण पुढे आहे. प्रवेश परीक्षेत सकाळी बहुपर्यायी प्रश्नांचा पेपर असतो आणि दुपारी सविस्तर लिहायचा. दुपारच्या पेपरात सिद्धता द्याव्या लागतात, त्या पाठ करून येत नाहीत. बोर्डाचा सायन्सचा गणिताचा पेपर वेगळा (विषय क्रमांक ४०), कॉमर्सचा वेगळा (८८). त्रिकोणमिती, सदिश वगैरे पहिल्यात आहे, ते मुलाला स्वतः भरून काढावं लागेल. आत्ताच जुन्या परीक्षांचे पेपर काढून त्याला एक प्रश्न द्या, आणि दोन तास त्याच्याकडे फिरकू नका. उत्तर आलं की नाही ते सोडा, दोन तास तो त्या प्रश्नाशी बसून राहिला का, ते बघा.

महालनोबिसांनी १९३१ साली काढलेली ही संस्था बी.स्टॅट.च्या मुलांकडून शिकवणीची फी न घेता उलट विद्यावेतन देत आली आहे. तरी यंदाचं माहितीपत्रक स्वतः वाचा. नाही मिळाला प्रवेश तर जवळपासच्या सायन्स कॉलेजात चौकशी करा, पण तिथे बारावी सायन्स मागण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : संख्याशास्त्राची पदवी घेऊन सरकारी नोकरी मिळते का?

उत्तर : पदवीला संख्याशास्त्र असेल तर यू.पी.एस.सी.च्या भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला बसता येतं. वय २१ ते ३० हवं. सहा पेपर असतात, त्यातले चार संख्याशास्त्राचे, शिवाय तोंडी. एस.एस.सी.च्या (दहावी नव्हे, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) सी.जी.एल. या पदवीधरांच्या परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारीही होता येतं. त्या पदाला पदवीत संख्याशास्त्र नसलं तरी बारावीच्या गणितात ६० टक्के असले की पात्र धरतात. बार्शीच्या मुली, ते बारावीचं गणित दिलंस तर हे तुलाही आहे गं.